ताडात, यीस्टमध्ये आणि आपल्यात

बोईसरहून चिंचणी-तारापूरकडे निघालं की कारखाने मागे पडतात आणि ताड दिसू लागतात. ताडाच्या पोयीचं टोक रोज जरासं छाटतात, खाली मडकं बांधतात, आणि रात्रभर त्यात गोड रस ठिबकत राहतो. पहाटे उतरवला तर ती नीरा. ऊन चढेपर्यंत राहिला तर ताडी, कारण यीस्ट तोवर साखर फोडून तिचं अल्कोहोल करू लागलेलं असतं. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. त्याने रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टची वाढ मंदावते.

या मडक्यापाशी तीन जीव आहेत: झाड, यीस्ट आणि ताडावर चढलेला माणूस. इतके वेगळे, तरी तिघांच्याही पेशींत एकच प्रथिन काम करतं, सायटोक्रोम-सी. माणसात ते 104 अमिनो आम्लांचं. यीस्टमधली साखळी त्याच्याशी निम्म्याहून अधिक जुळते! मधोमध लोहाचा एक अणू. अन्नातून सुटलेला इलेक्ट्रॉन तो घेतो आणि पुढे देतो. शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचतात, आणि त्या प्रवासात मिळालेल्या ऊर्जेवर पेशी जगते. तारापूरला 1969पासून अणुवीज तयार होते, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या प्रत्येक पानात आणि पोटरीत हा विजेचा प्रवाह चालू आहे.

हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करून दाखवलं कमला भागवत यांनी, म्हणजे लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या बहिणीने. बंगळूरच्या ज्या संस्थेने बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता, तिथे 1933मध्ये हट्टाने शिरलेल्या या मुलीला 1939मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. लग्नानंतर कमला सोहोनी म्हणून त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या आणि राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी अभ्यासाला घेतली ती नेमकी नीरा. तिच्यातली जीवनसत्त्वं आणि लोह कुपोषित आदिवासी मुलांना नि गरोदर बायांना उपयोगी पडतं, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचं कुपोषण ठाऊक असलेल्या कुणालाही हे संशोधन किती जवळचं आहे ते सांगायला नको. झाडाचा श्वास आणि झाडाचा रस, दोन्ही एकाच बाईने तपासावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि सायटोक्रोम-सीची गोष्ट तिथे थांबली नाही. हे प्रथिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडलं की पेशी स्वतःला संपवायला घेते, हे 1996मध्ये अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत उमगलं. जगवणारा रेणूच मरणाचा इशारा देतो! काही कर्करोगी पेशी बीसीएल-2 नावाच्या प्रथिनाच्या बळावर त्याला आतच कोंडून ठेवतात आणि म्हणून मरत नाहीत. व्हेनेटोक्लॅक्स हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध बीसीएल-2ला अडवतं. सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि ती पेशी मरते.