गादीची परीक्षा

माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या उंचवट्यांवर तासन्‌तास भार राहिला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रक्ताविना तिथली कातडी मरू लागते. बेडसोअर होतो तो असा.

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयातून घरी सोडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी शिवाजी पेठेतल्या घरातही एअर बेड घालता येतो. पलंगाच्या पायथ्याला टांगलेला पंप त्यातले फुगे आळीपाळीने भरतो आणि सोडतो, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही. हवा पुरेशी आहे का, हे पाहण्यासाठी रुग्ण झोपलेला असताना एअर बेडखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात सरकवावा. मध्ये इंचभर तरी हवा हवी. हाड हाताला लागले तर गादी निकामी. वर जाड वाकळ मुळीच घालू नये, एक सैल चादर पुरे.

ब्रिटनमधल्या २०२९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. नवा व्रण हवेच्या गादीवर ६.९ टक्के, तर उत्तम फोमवर ८.९ टक्के रुग्णांना झाला. फरक थोडाच. म्हणून महाग गादीपेक्षा वेळेवर कूस बदलणारे माणूस मोलाचे. सावळ्या कातडीवर व्रणाच्या सुरुवातीची लाली चटकन दिसत नाही. तिथे ऊब आणि कडकपणा हातानेच चाचपावा लागतो.