घडी न पडलेला जिल्हा

बुलढाण्याहून मलकापूरला जाणारी एसटी राजूर घाट उतरू लागली की खिडकीतून एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते: कठीण काळा कातळ, खाली ठिसूळ मुरूम, त्याखाली पुन्हा कातळ. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थरावर थर, आणि सगळे जवळपास आडवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जसा पसरला, तसाच तो आजही पडून आहे. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे खरा, पण तिथेही थरांना फारशी घडी पडलेली नाही. जमीन भेगांवरून तुटली आणि एक बाजू वर राहिली, एवढेच. शाळेच्या पुस्तकातला वली पर्वत बुलढाण्यात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

अपवाद लोणारचा. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या त्या विवराच्या काठावर बेसॉल्टचे, म्हणजे याच काळ्या कातळाचे, थर बाहेरच्या बाजूला कलले आहेत आणि काही ठिकाणी तर पुस्तकाचे पान उलटावे तसे पालथे झाले आहेत. उल्का आदळली आणि क्षणात हे घडले. दैत्यसूदनाच्या देवळाकडे वळणाऱ्या किती जणांचे लक्ष या काठाकडे जाते, हा प्रश्नच आहे.

खऱ्या पर्वतातली घडी मात्र अशी घाईने पडत नाही. ती पाहायची तर काळ्या दगडाचा मुलूख सोडून नागपूरच्या पुढे रामटेक तालुक्यात जावे लागते. बेसॉल्ट हे महाराष्ट्राच्या अंगावरचे पांघरूण आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटरवर ते संपले आणि खाली प्राचीन खडक लागला. रामटेक-भंडाऱ्याकडे हे पांघरूण नाही, तिथे जुना खडक उघडाच आहे. त्याला ‘सौंसर गट’ म्हणतात. मनसर, सीतासावंगी, चोरबावली ही साधी गावे, पण भूशास्त्रात ती खडकांच्या थरांची नावे झाली आहेत.

हातोडी मारली की फुटणारा दगड वाकतो कसा? जमिनीखाली पंधरा-वीस किलोमीटरवर, पाच-सहाशे अंश उष्णतेत, त्याचा स्वभाव बदलतो. खनिजांचे कण नव्याने जुळतात, एकमेकांवरून सरकतात. दोन्ही बाजूंनी भूखंड रेटत असतात, नखे वाढावीत इतक्या मंद गतीने. फरशीवर जाड गोधडी अंथरून दोन्ही टोकांनी आत ढकलली तर दोन-चार रुंद लाटा उठतात. त्याच जागी जुने लुगडे ठेवले तर बारीक चुण्या पडतात. खडकातही तेच. कठीण थर जाड असेल तर घडी मोठी, पातळ असेल तर लहान. वर उचललेली कमान ती अपनती, खाली गेलेली खोळ ती अभिनती. रेटा दुसऱ्या दिशेने आला की पडलेल्या घडीलाच पुन्हा घडी पडते. सौंसर पट्ट्यात सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी असेच झाले, आणि म्हणूनच त्याचा नकाशा चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो.

या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणींत ही भूमिती पैशांत मोजली जाते. समुद्रतळाशी साचलेल्या मँगनीजच्या थराला घड्या पडल्या, म्हणून एकच थर जमिनीवर दोन-तीनदा डोके वर काढतो. घडीच्या वळणावर तो जाड होतो, बाजूंना पातळ. तिथले मँगनीज-गार्नेट आणि गारेचे दगड पाहून फर्मर या भूशास्त्रज्ञाने त्या खडकाला ‘गोंडाइट’ हे नाव दिले, तिथल्या गोंड समाजावरून. गोंडांचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेले ते असे.

या घड्यांचे सर्वांत धाडसी वाचन डब्ल्यू. डी. वेस्ट यांचे. पुढे ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. देवलापारच्या परिसरात थरांचा क्रम उलटा लागलेला पाहून त्यांनी 1936 साली मांडले की इथे एक प्रचंड घडी आडवी कलंडली आणि शेजारच्या खडकांवर सरकत गेली. अशा रचनेला आल्प्समधल्या अभ्यासकांचा शब्द आहे ‘नाप’, म्हणजे फ्रेंचमध्ये टेबलावर अंथरायची चादर. आल्प्सची उंच शिखरे पाहून सुचलेली कल्पना विदर्भाच्या झिजून सपाट झालेल्या जंगलात लावून पाहायची, यासाठी नजर हवी.

ज्यांना हा मुलूख पाहायचा आहे त्यांनी नागपूर-जबलपूर रस्ता धरावा. आधी मनसर लागते, देवलापार त्याच रस्त्यावर पुढे आहे.