खिलार, पेन्सिल आणि खूर

सकाळी सहा. सांगोल्याच्या बाजारात टेंपोतून जनावरं उतरतायत. ऊन डोक्यावर यायच्या आत जनावरांचं बरंचसं रेखाटन उरकायचं, कारण वशिंड, बरगड्या आणि गळ्याखालची पोळी तिरप्या उजेडातच सुटी दिसतात. सामान थोडकंच: एचबी, २बी, ६बी पेन्सिली, मऊ खोडरबर आणि जाड कागदाची वही.

साडेसहा. दावणीचा खिलार बैल क्षणभर गप्प उभा राहत नाही. म्हणून एका पानावर चार-पाच अर्धी रेखाटनं चालू ठेवायची. बैल पुन्हा तसाच वळला की त्या रेघेकडे परतायचं. आधी पाठ, मग भार कुठल्या पायावर आहे ते. मागच्या पायाचा आपण जो गुडघा समजतो, ती त्याची टाच असते. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला. हे डोळ्यात बसलं नाही तर बैल टेबलासारखा उभा राहतो.

आठ. सौदे रंगात. रुमालाखाली बोटं बोलतायत, कुणी जबडा उघडून बैल दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती) ते बघतंय. एक म्हातारबा माझ्या वहीत डोकावतात.
"पाव्हणं, खुरं कुठायत?"
"काढतोय की, मामा."
"खुरं बघितल्याबिगर जनावर कोण घेतंय व्हय!"
अगदी बरोबर. आमच्यातले निम्मे चित्रकार खूर गवतात बुडवून मोकळे होतात. फोटोवरून केसन् केस काढतात, पण बैल जमिनीवर टेकलेला नसतो.

दहा. पंढरपुरी म्हैस. शिंगं खांद्याच्याही मागं गेलेली, अंग काळंभोर. इथं ग्रॅफाइट दगा देतं: ६बी दाबून घासली की काळं होत नाही, नुसतं चकाकतं. हलक्या हाताने थरावर थर द्यायचे आणि पाठीवरच्या चमकेसाठी कागद कोरा सोडायचा.

अकरा. शेळ्यामेंढ्या. इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्रॅफाइट सापडलं, तेव्हा मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत, असं सांगतात. म्हणजे आधी मेंढी, मग कागद! शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते; गोल काढली की माणूस बघायला लागतो.

दुपारी एक ते तीन. रवंथ. दिवसातलं सगळ्यात निवांत काम; जनावर बसलेलं, फक्त जबडा हलतोय.

पाच. घरी येऊन पानांवर फिक्सेटिव्ह मारायचं, नाहीतर सगळं पुसटतं.

तुम्हीही जाणार असाल तर मालकाला आधी विचारा, आणि जनावराच्या लाथेच्या टप्प्यात बसू नका.