विलायतेत गाडी चालवायची, तर बारा महिन्यांचा हिशेब ठेवा



मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी ब्रिटनला निघाली, की घरात कागदपत्रांची धावपळ सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, गुणपत्रिका, बँकेची कर्जमंजुरी. वाहन परवान्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ‘ट्रॅक्टर चालवतो, जीप चालवतो, तिकडे काय अडणार?’ असे आपण म्हणतो. अडते ते कागदावर, म्हणून हे आधीच समजून घ्या.

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये राहायला गेलेल्यास भारतीय परवान्यावर मोटार किंवा मोटारसायकल चालवता येते, पण फक्त बारा महिने. हा काळ तेथील वास्तव्य सुरू झाल्यापासून मोजतात. काही देशांचा परवाना तेथे बदलून मिळतो. भारताचा त्या यादीत नाही. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही ही मुदत वाढवीत नाही. म्हणजे पुढेही गाडी चालवायची तर तेथील परीक्षा द्यावीच लागते.

परीक्षेच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. ऑनलाइन अर्जाचे शुल्क ३४ पौंड.

दुसरी परीक्षा संगणकावर, शुल्क २३ पौंड. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. शिवाय रस्त्यावरचे चित्रपट दाखवून धोका वेळीच ओळखता येतो का, हे पाहतात. त्यात ७५ पैकी ४४ गुण लागतात. हे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते.

तिसरी परीक्षा रस्त्यावर, सुमारे ४० मिनिटांची. सोमवार ते शुक्रवार ६२ पौंड. सुरुवातीला २० मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता आली पाहिजे. १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात. गंभीर चूक एक झाली तरी नापास.

आपल्यासारखीच तिकडेही गाडी डाव्या बाजूने चालते. तरीही आपल्या सवयी नडतात. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याचा मान पहिला. वळण्याआधी आरसा पाहिलाच पाहिजे. म्हणून दोन-चार तास तेथील शिक्षकाकडे शिकणे हिताचे.

रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. वाफसा गेल्यावर पेरणीची घाई करून उपयोग नसतो, तसेच हे. पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच अर्ज करावा.

बारा महिन्यांत परीक्षा पास झाली नाही, तर शिकाऊंचे नियम लागतात. गाडीला ‘एल’ची पाटी, आणि शेजारी किमान २१ वर्षांची व तीन वर्षे पक्का परवाना असलेली व्यक्ती. ते न पाळता चालवली, तर विमा निरुपयोगी ठरू शकतो. विम्याविना पकडले गेल्यास जागेवरचा दंड ३०० पौंड, शिवाय परवान्यावर सहा दोषगुण. नव्या परवानाधारकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत एवढ्यावरच रद्द होतो. अपघात झाल्यास भरपाईचा बोजा कर्ज काढून शिकवणाऱ्या घरावर येऊ शकतो.

निघण्यापूर्वी एवढे करा. परवान्यावरचे नाव पासपोर्टशी जुळते का, पाहा. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण करून घ्या. मुदतीआधी एक वर्षापर्यंत तसा अर्ज करता येतो.

आणि एक चांगली गोष्ट. तेथील मोटारीच्या पक्क्या परवान्यावर शेतीचा ट्रॅक्टरही चालवता येतो. कृषी पदवीधरांनी हे ध्यानात ठेवावे.