एअर फिल्टर बदलला की गाडीचा पिकअप वाढतो का?

ॲक्सेसरीजच्या दुकानात लाल जाळीचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर दिसला की गाडीची हौस असलेला माणूस थबकतोच. दुकानदार सांगतो, कंपनीच्या कागदी फिल्टरमुळे इंजिन कोंडल्यासारखं चालतं. हा लावा, पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल. किंमत मूळ फिल्टरच्या कितीतरी पट असते. असा फिल्टर, किंवा पेटी-नळीसकट सगळं बदलणारा संच, खरंच ताकद वाढवतो का, याचं उत्तर मोजून मिळतं. बोईसर-पालघरच्या गाडीमालकाने तर ते समजून घ्यायलाच हवं, कारण आपल्या रस्त्यांवरची हवा कशी असते हे आपण रोज पाहतो.

आधी इंजिन किती हवा घेतं ते पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरहून जास्त हवा. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी बोईसरहून पालघरला जाऊन परत आली, की पाण्याचा एक मोठा टँकर भरेल एवढी हवा तिने ओढलेली असते. ही हवा समोरच्या जाळीमागून किंवा हेडलाइटच्या बाजूने एका नळीत शिरते, फिल्टरच्या पेटीत येते, गाळली जाते, रबरी होजमधून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाते आणि तिथून मॅनिफोल्ड व वॉल्व्हमार्गे सिलिंडरमध्ये पोचते.

या वाटेवर हवा सगळ्यात जास्त कुठे अडते? पेट्रोल गाडीत ती थ्रॉटलच्या पाकळीपाशी अडते. ॲक्सिलरेटर म्हणजे त्या पाकळीची उघडझाप. साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर निवांत जाताना पाकळी जेमतेम उघडी असते आणि तिच्या पलीकडे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंजिनाची ताकद आवरायला पाकळी मुद्दामच हवा अडवत असते. अशा वेळी मागचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा पाकळीच ठरवते. आता आपलं रोजचं चालवणं आठवा: बोईसर स्टेशनाबाहेरची गर्दी, एमआयडीसीच्या नाक्यांवरची रांग, कंटेनरच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात सरकणं. यात पॅडल तळाला कितीदा टेकतं?

म्हणजे फिल्टरचा प्रश्न उरतो तो फक्त पूर्ण थ्रॉटल आणि वरच्या आरपीएमपुरता. तेही घरच्या घरी तपासता येतं. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो, आणि टर्बो नसलेल्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत तो असतो, त्यांच्या ओबीडी सॉकेटला साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर हा आकडा पाहता येतो. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे आकडा १०० ते १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. हा बाहेरच्या हवेचा दाब. मग मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, दुसऱ्या गिअरात पॅडल पूर्ण दाबून वरच्या आरपीएमपर्यंत न्या. आकडा चालवणाऱ्याने बघायचा नाही, शेजारी बसलेल्याने टिपायचा. समजा तिथे ९८ दिसले. याचा अर्थ नळी, पेटी, फिल्टर, होज आणि उघडी थ्रॉटल बॉडी या सगळ्यांनी मिळून हवेची वाट अडवली ती फार तर तीन टक्के. एकटा फिल्टर त्यातलाही एक भाग. तो पूर्ण काढून टाकला तरी ८० हॉर्सपॉवरच्या गाडीत एखाददुसरा हॉर्सपॉवर सापडेल, तोही फक्त रेडलाइनजवळ. हा आकडा ९०-९२ पर्यंत घसरत असेल तर मात्र आधी पेटी उघडा. बहुधा फिल्टर चोंदलेला सापडेल आणि उपाय काहीशे रुपयांचा असेल.

आता गरम हवेचं गणित. हवा तापली की विरळ होते. दर तीन अंशांमागे साधारण एक टक्का. कंपनी बोनेटच्या पुढच्या कडेपर्यंत नळी नेते ती बाहेरची त्यातल्या त्यात थंड हवा मिळावी म्हणून. पेटी काढून शंकूचा फिल्टर उघडा बसवला की तो बोनेटखालची हवा ओढू लागतो. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३५ अंश आणि रांगेत उभ्या गाडीच्या बोनेटखाली ६५ अंश धरले, तर हवा नऊ टक्क्यांनी विरळ झाली. फिल्टर मोकळा करून मिळवलेले एक-दोन टक्के त्यात कुठल्या कुठे जातात. त्याच स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमानही दिसतं. उघडा फिल्टर बसवलेल्यांनी ते अवश्य पाहावं.

मग बसवणाऱ्यांना फरक जाणवतो तो कसला? मुख्यतः आवाजाचा. नळीला चिकटलेले प्लास्टिकचे रिकामे डबे दिसतात ना, ते रेझोनेटर. हवा ओढताना इंजिन जो घुमारा करतं तो ते दाबतात. पेटीबरोबर ते निघाले की पॅडल दाबताच गाडी गुरगुरते आणि कानांना वाटतं की गाडी जोरात निघाली. शिवाय तुलना बहुतेक वेळा जुन्या, मळलेल्या फिल्टरशी होते. त्या जागी नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी गाडी तेवढीच खुलली असती.

ॲव्हरेजचा दावा तर आणखी कमकुवत. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम चोंदवून गाड्यांची चाचणी घेतली. इंधन इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. पिकअप मात्र घटला. कारण सरळ आहे. गाडीतला संगणक आलेली हवा मोजून त्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, आणि चालक गरजेपुरतं पॅडल थोडं जास्त दाबतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ॲव्हरेज घसरत असे. चोंदलेल्या फिल्टरने जे कमी होत नाही, ते जास्त मोकळ्या फिल्टरने वाढणार कसं?

डिझेलची गोष्ट वेगळी, निकाल तोच. सातपाटीहून मासळी नेणारी किंवा डहाणू-घोलवडचे चिकू भरून निघालेली पिकअप घ्या. डिझेल इंजिनाची ताकद आत सोडलेल्या डिझेलवर ठरते; हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. वर टर्बो बसलेला. किती दाब हवा हे संगणकाला ठाऊक असतं आणि फिल्टरमध्ये थोडी अडचण असली तर टर्बो जरा जास्त फिरून ती भरून काढतो. डिझेल तेवढंच आणि हवा थोडी जास्त, यातून वाढीव ताकद निघत नाही.

इथवर नफ्याचा हिशेब झाला. तोट्याचा हिशेब आपल्या भागात फार मोठा आहे. चिल्हार फाट्याहून बोईसरला येणारा रस्ता, त्यावरचे डंपर आणि कंटेनर, नागझरीच्या बाजूच्या दगडखाणी आणि क्रशर, जिल्ह्यातून जाणारी बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाची कामं, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर २०२४ मध्ये झालेलं काँक्रिटीकरण. ही सगळी धूळ दगडाची आणि सिमेंटची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर होतं, पण कारखान्यांतले रासायनिक वायू गाडीचा फिल्टर अडवू शकत नाही. इंजिनाचं खरं वैर दगडाच्या पुडीशी आहे. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचा. ५ ते २० मायक्रॉनचे कण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, नेमके त्या फटीत शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. कॉम्प्रेशन उतरतं, गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर मारते आणि एक दिवस मेकॅनिक इंजिनकाम सांगतो.

चांगला कागदी फिल्टर प्रमाणित चाचणीत ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. तेल लावलेला सुती फिल्टर हवेला मोकळी वाट देतो, कारण त्याची वीण सैल असते, आणि त्याच कारणाने बारीक धूळही त्यातून जास्त निसटते. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७.५ टक्के. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा. पण इंजिनात शिरणारी धूळ अर्ध्या टक्क्यावरून अडीच टक्क्यांवर गेली, म्हणजे पाचपट झाली. हा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरं, पण धुतल्यावर तेल कमी लागलं तर धूळ निसटते आणि जास्त लागलं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसून मोजमाप बिघडवू शकतं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीने असे फिल्टर जगभर पोचवले, ते मोटरसायकल शर्यतीच्या मंडळींमधून. शर्यतीचं इंजिन वारंवार उघडून पुन्हा बांधतात. आपल्याला मात्र तेच इंजिन दीड-दोन लाख किलोमीटर चालवायचं असतं.

बोनेट उघडून स्वतः पाहा. पेटीच्या तीन-चार क्लिपा हाताने निघतात, काही गाड्यांत स्क्रू असतात. फिल्टर उचलला की त्याच्या घड्यांत धूळ दिसेल: क्रशरच्या रस्त्याची राखाडी, काँक्रिटच्या कामाची पांढुरकी, क्वचित एखादं पान किंवा मेलेलं पाखरू. ती दिसली म्हणून घाबरू नका, फिल्टर आपलं काम करतोय. उलट थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवतो. खरी तपासणी पुढे आहे. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. त्यावर पूड आली तर धूळ कुठूनतरी वाट काढते आहे. फिल्टरच्या कडेचं रबर दबलंय का, चिरलंय का, एखादी क्लिप तुटलीय का, होज फाटलाय का, हे पाहा. अनेक गॅरेजमध्ये कंप्रेसरने जोरात हवा मारून फिल्टर ‘साफ’ करून देतात. ते टाळा. त्या जोराने कागदाला बारीक छिद्रं पडतात, फिल्टर वरून स्वच्छ दिसतो आणि धूळ आरपार जाते.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. काही ‘कोल्ड एअर’ संचांत फिल्टर खाली बंपरच्या मागे जातो. हवा थंड मिळते, हे मान्य. पण आपल्याकडे जुलैत साचलेल्या पाण्यातून गाडी काढायची वेळ कधीही येते. त्या पाण्याचा एक घोट जरी सिलिंडरमध्ये गेला तरी पिस्टन पाण्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनसंरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. कंपनीने नळीचं तोंड उंचावर ठेवलं त्यामागे हाही विचार आहे.

असे संच कुठेच उपयोगी नाहीत असंही नाही. टर्बो पेट्रोल गाडीचं रीमॅपिंग करून टर्बोचा दाब आणि पेट्रोल दोन्ही वाढवलं, तर हवेची मागणी मूळ पेटीला झेपेनाशी होऊ शकते. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला धावणाऱ्या गाडीलाही फायदा होतो. तिथेही उघड्या शंकूपेक्षा बंद पेटीतला, पुढून हवा घेणारा संच बरा. जुन्या कार्बोरेटरच्या बाइकवर नुसता शंकू लावला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं, म्हणून कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेटही बदलावा लागतो. मूळ रचना काढून टाकण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि आरटीओत विचारून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे.

रोज चिल्हार, मनोर किंवा तारापूरच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीसाठी माझं मत पक्कं आहे: कंपनीचा कागदी फिल्टर, कंपनीच्याच पेटीत. गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी फिल्टर बदलण्याचा वेगळा, लवकरचा आकडा दिलेला असतो. बोईसर-पालघरच्या गाडीने तोच आकडा पाळावा.