मावळा कुठे उभा करायचा?

दसरा सरला की पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात, मंडईच्या आसपास आणि उपनगरांतल्या रस्त्यांच्या कडेला, दिवाळीत मुलं अंगणात करतात त्या किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, विकायला येतात. सिंहासनावर बसलेले महाराज, भालदार-चोपदार, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा. त्यांच्या शेजारी गवळण, भाजीवाली, बैलगाडी, वाघ. मुलं महाराज एकच घेतात, मावळे मात्र पैसे पुरतील तितके.

घडवण्याची रीत जुनी आणि साधी. साच्याच्या दोन अर्ध्या भागांत मळलेली माती दाबायची, दोन्ही भाग जोडायचे, सांधा ओल्या बोटाने पुसायचा, सावलीत वाळवून भाजायचं आणि मग रंग द्यायचा. अलीकडे प्लास्टर ऑफ पॅरिसची चित्रं पुष्कळ येतात. ती गुळगुळीत आणि सुबक असतात, पण मला हाताचा दाब दिसणारा, थोडा तिरका उभा राहणारा मातीचा मावळाच खरा वाटतो.

मातीचा सैनिक घडवून मांडण्याची ओढ फार जुनी आहे. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर आयिया इरिनी नावाचं गाव आहे. 1929 मध्ये तिथे स्वीडिश संशोधकांनी उत्खनन केलं, तेव्हा उघड्यावरच्या एका देवस्थानात सुमारे 2000 मृण्मूर्ती सापडल्या. टोकदार शिरस्त्राणं घातलेले योद्धे, रथ, बैल, भक्त. काही वीतभर, तर काही माणसाएवढ्या. बहुतेक इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतल्या. त्यांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे या मूर्ती मांडलेल्या जागीच राहिल्या होत्या. वेदीभोवती अर्धवर्तुळात, लहान पुढे आणि मोठ्या मागे. पुराच्या गाळाने त्यांना झाकून टाकलं म्हणून ती रचना वाचली. आज त्यांची वाटणी निकोसिया आणि स्टॉकहोम इथल्या संग्रहालयांत झाली आहे.

एकेक मूर्ती सुटी सापडली असती, तर ती हातात धरून आपण शिरस्त्राणाबद्दल बोललो असतो. रचना हाती आली म्हणून कळलं की तो योद्धा लढायला निघालेला नाही. भक्त घरी गेल्यावरही त्याच्या वतीने देवासमोर कायम उभं राहायचं, हे त्याचं काम. याउलट, चीनमध्ये शीआनजवळ 1974 साली विहीर खोदताना जे मातीचं सैन्य सापडलं, ते मृत सम्राटाच्या रक्षणासाठी पुरलेलं होतं. जिवंत माणसांनी ते पाहावं अशी अपेक्षाच नव्हती.

आपल्या जिल्ह्यातही मातीच्या मूर्तींचा धागा दूरवर जातो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या घरात मातीच्या पेटीत ठेवलेली, डोकं नसलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत बैल मिळाला. तिथेही अर्थ लागला तो पेटीमुळे, म्हणजे कशासोबत काय ठेवलं होतं यावरून.

हीच नजर अंगणातल्या किल्ल्याकडे वळवावी. पोती, विटा, दगड रचून वरून चिखल लिंपला, अळीव पेरले, की वाद सुरू होतो तो मावळ्यांच्या जागांवरून. महादरवाज्याशी किती, बुरुजावर कोण, चोरवाटेवर कोणी नको का? महाराज कुठे बसणार हे ठरलेलंच असतं. डोकं चालवायला लावतो तो बिननावाचा मावळा. त्याला उभा करताना मुलाला शत्रू कुठून चढेल याचा विचार करावा लागतो. राजगड करायला घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्यांवर पहारा वाटावा लागतो, आणि मावळे कमी पडतात.

खऱ्या गडांवरही हाच प्रश्न होता. शिवकाळात हवालदार, सबनीस आणि कारखानीस मिळून गडाचा कारभार पाहत, आणि एकट्याच्या हाती गड राहू नये अशी ती व्यवस्था होती. तटाखालच्या घेऱ्यात मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्यांवर, रामोशी, कोळी, महार अशा समाजांतली माणसं पहारा करीत. गड राखला तो त्यांनीही, पण बखरींत त्यांची नावं फारशी येत नाहीत. अंगणातल्या किल्ल्यात मेटं क्वचितच दिसतात. ती यायला हवीत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. त्यांत पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. त्यांची प्रतिकृती करताना तटबंदीइतकाच पायथ्याचा पहारा दाखवणं इतिहासाला धरून होईल.

मावळा दरवाज्यापेक्षा उंच, वाघ तोफेएवढा, याला मोठी माणसं हसतात. हसू नये. सायप्रसमध्येही वीतभर आणि पुरुषभर योद्धे एकाच अर्धवर्तुळात उभे होते. अशा मांडणीत मापापेक्षा जागेला महत्त्व असतं.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतो. धड राहिलेली चित्रं खोक्यात जातात, फुटलेली मातीत. आयिया इरिनीच्या मूर्ती गाळाने सांभाळल्या, आपल्याकडे हे काम घरच्यांनाच करावं लागेल. म्हणून यंदा किल्ल्याचा फोटो काढाल तेव्हा मुलांकडून एक कागदही भरून घ्या. गड कोणता, चित्रं कुठून आणली, कोणता मावळा कुठे उभा केला आणि तिथेच का. उत्तरं मुलांच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करू नका, आणि तो कागद चित्रांच्या खोक्यातच ठेवा.