साठलेल्या चिल्लरीचे पूर्ण मोल

डब्यात साठलेली चिल्लर बट्टा न देता, म्हणजे मूल्यातून काहीही कापून न देता, मोडायची असेल तर बँकेची खिडकी हा पहिला मार्ग होय, कारण रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार शाखांना चलनातील नाणी नाकारता येत नाहीत. २०११च्या नाणे कायद्यानुसार रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच वैध चलन, म्हणजे देणे फेडण्यास कायद्याने ग्राह्य चलन, ठरतात. बँकांना मात्र त्याहून अधिक नाणी घेण्याची मुभा आहे. एक-दोन रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत बांधून नेल्यास रोखपालाचे काम हलके होते. काही बँका हाताळणी शुल्क लावतात, तेव्हा दरपत्रक आधी पाहावे. सुट्ट्या पैशांची सदैव निकड असलेला किराणा दुकानदार मात्र पूर्ण मोल आनंदाने देतो. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली असली, तरी आठ आणे आजही वैध आहेत आणि ते बाजारात सर्रास नाकारले जाणे अन्यायाचेच आहे.